वशिंड नसलेला नंदी

चिंचवड गावात सोनार तीन होते आणि दत्तोबा पोतदार हे त्यांतले सर्वांत चांगले नव्हते. त्यांनी केलेली नथ जरा जड होई, जोडव्याचा सांधा बोटाला लागे. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. त्यांचं नाव होतं ते वेगळ्या कारणानं. मोशीला कुणाच्या नांगराला काही लागलं, दिघीला पाया खणताना गाडगं फुटलं, तळवड्याला विहिरीच्या गाळात काही हिरवट दिसलं, की ते धोतराच्या सोग्यात बांधून माणूस थेट दत्तोबांच्या दुकानी येई. दत्तोबा ते तळहातावर घेत, अंगठा फिरवत, फरशीवर टाकून आवाज ऐकत आणि सांगत. ही शिवराई. हा औरंगजेबाचा रुपया, सुरतेच्या टांकसाळीतला. हा कुणाच्या तरी मुंजीतला बिल्ला, परत नेऊन ठेवा. सांगण्याबद्दल ते काही घेत नसत. समोरच्याच्या तोंडावर जे आश्चर्य उमटे, त्यावर त्यांचा दिवस जाई.

पोतदार हे आडनाव ते जपून उच्चारत. सरकारी खजिन्यात येणारं नाणं खरं की खोटं हे पारखणारा तो पोतदार, असं ते नव्या माणसाला आवर्जून सांगत. पेशवाईत चिंचवडला टांकसाळ होती, तिथे आपले खापरपणजोबा कामाला होते, हे त्यापुढचं वाक्य. पुरावा विचारलेला त्यांना आवडत नसे.

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला तेव्हा बाहेरगावची माणसं खोल्या शोधत चिंचवडात फिरू लागली. त्यांतलाच एक ज्योतीराम घार्गे. खटावकडचा, तिशीच्या आतला, बाटल्या धुण्याच्या खात्यात. दत्तोबांच्या दुकानामागची पडवी त्यानं भाड्यानं घेतली. बायको गावीच होती. सुट्टीच्या दिवशी करायला काही नसल्यामुळे तो दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन बसे आणि दत्तोबा नाणी पाहू लागले की मान पुढे काढे.

पहिलं वर्ष दत्तोबांनी त्याला हौसेनं शिकवलं. मोगली रुपयावर टांकसाळीचं नाव कुठे असतं, ओतीव खोटं नाणं कडेवरून कसं कळतं, तांब्यावरचा हिरवा थर का खरवडायचा नाही. ज्योतीराम प्रत्येक गोष्ट एकदाच विचारी. दुसऱ्या वर्षी दत्तोबांच्या लक्षात आलं की तो आता विचारतच नाही. चाकणच्या शनिवारच्या बाजारात दोघं मोडीवाल्यांच्या टोपल्या उपसायला बरोबर जात. दोघांत ठरलेलं होतं, ज्याचा हात आधी पडेल त्याचं नाणं. सुरुवातीला दत्तोबांचा हात आधी पडे. मग बरोबरीनं पडू लागला. अलीकडे ज्योतीरामचा हात टोपलीतून वर येई तेव्हा दत्तोबा अजून चष्मा पुसत असत.

घरातही तेच. दत्तोबांच्या पत्नी अंबुबाई पहिल्या पाळीला जाणाऱ्या भाडेकरूला पहाटे चहा देऊ लागल्या होत्या. "पोराच्या नजरेतून काही सुटत नाही हो. माझी सुई त्यानं चुलीच्या राखेतून काढून दिली," असं त्या एकदा म्हणाल्या. दत्तोबा म्हणाले, "मग त्यालाच चष्मा देऊन टाक माझा." आणि अर्धी भाकरी ताटात टाकून उठले.

ही पार्श्वभूमी. मूळ गोष्ट घडली ती छप्पन सालच्या घटस्थापनेच्या तोंडावर.

नवरात्र आलं की आसपासच्या गावांतून घरचे देव उजळायला दत्तोबांकडे येत. चांदीचे टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले खंडोबा, भैरोबा, जोगेश्वरी, घरातले वीर. वर्षभराच्या हळदीकुंकवानं आणि तेलानं ते काळे पडलेले असत. दत्तोबा ते रिठ्याच्या पाण्यात भिजवत, चिंचेचा कोळ लावत, वस्त्रगाळ राखेनं अंगठ्यानं घासत आणि स्वच्छ फडक्यात बांधून परत देत. हे काम त्यांच्या वडिलांनी त्यांना एका अटीवर शिकवलं होतं. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातले देव हाताळायचे, न्याहाळायचे नाहीत. आल्यावर मोजायचे, जाताना मोजायचे, मधल्या वेळात नजर अंगठ्यावर. दत्तोबा ही रीत काटेकोर पाळत. कुणाच्या घरचा खंडोबा कसा आहे हे त्यांना खरोखरच सांगता आलं नसतं.

मोशीच्या छबूबाई आल्हाटांचं गाठोडं दरवर्षी यायचं. घर जुनं, देव पुष्कळ. यंदा छबूबाई स्वतः आल्या, फरशीवर बसल्या आणि एकेक देव काढून ठेवू लागल्या. दुकानाच्या बाकावर रेल्वेतून निवृत्त झालेले यशवंतराव नेहमीप्रमाणे दुसऱ्याचं वर्तमानपत्र वाचत होते. ज्योतीरामची त्या दिवशी दुसरी पाळी होती, म्हणून तोही उंबऱ्यावर होता. छबूबाईंनी ठेवलेल्या देवांतला एक त्यानं न विचारता उचलला. चवलीपेक्षा मोठा, पावलीएवढा गोल तुकडा, वर डाक देऊन जोडलेली कडी. त्यानं तो उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"काका," तो म्हणाला, "हा टाक नाही. नाणं आहे."

"न्हाई बाबा, नंदी हाय त्यो," छबूबाई म्हणाल्या. "महादेवाफुडं ठिवतो आमी. माझ्या आजेसासूच्या आधीपासनं हाय घरात."

"नंदीच आहे आजी. पण मागं बघा. माणसाचं डोकं आहे. आणि कडेनं अक्षरं आहेत, इंग्रजीसारखी."

दत्तोबांनी हात पुढे केला. तुकडा तळहातावर आला आणि त्यांचा अंगठा आपोआप त्यावर फिरला. त्या अंगठ्याला तो तुकडा ओळखीचा होता. वडील गेल्यापासून दर नवरात्रात तो या अंगठ्याखालून गेला होता. त्याआधी वडिलांच्या. आणि आज खटावकडच्या बाटल्या धुणाऱ्या माणसानं बसल्या जागी तो उचलला, आणि दत्तोबांनी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं.

खरं तर त्यांना ते त्याच क्षणी दिसलं. एका बाजूला आखूड केसांचं डोकं. दुसऱ्या बाजूला बैल, मान खाली घातलेला, पुढचा एक पाय उचललेला, शेपूट पाठीवर उडवलेली. खाली अक्षरं. नाणं होतं आणि जुनं होतं. तरी ते शांतपणे म्हणाले, "खोटं आहे."

"कशावरून काका?"

"बैल बघ. वशिंड कुठे आहे?"

ज्योतीरामनं वाकून पाहिलं. वशिंड नव्हतं.

"घासून गेलं असेल."

"घासून गेलं असतं तर तिथे सपाट दिसलं असतं. इथे मानेपासून शेपटीपर्यंत पाठीची रेघ सलग आहे. करणाऱ्यानं काढलंच नाही. वशिंडाशिवाय बैल काढणारा कारागीर या मुलखात जन्मला नाही. कुणा शिकाऊ सोनाराच्या पोराचं काम आहे हे. साहेबाच्या नाण्यावर बघून डोकं काढलं आणि मागं गाढव काढायला घेऊन बैल केला."

यशवंतराव वर्तमानपत्रातून हसले. "वशिंड नाही तर जू कुठे ठेवायचं, छबूबाई? तुमचा नंदी बिनकामाचा निघाला."

"देवाला कुटं जुपायचाय," छबूबाई म्हणाल्या. "तुमी उजळा म्हंजी झालं."

ज्योतीराम हसला नाही. पुण्यात प्राध्यापक टिल्लू म्हणून आहेत, जुन्या नाण्यांवर त्यांचे लेख येतात, येत्या सुट्टीला आपण हे त्यांना दाखवून आणतो, असं तो छबूबाईंना समजावू लागला. घट बसायच्या आत परत देतो म्हणाला. छबूबाईंनी दत्तोबांकडे पाहिलं. पोतदारांच्या दुकानातून जातंय आणि पोतदारांच्या दुकानात येतंय ना, एवढंच त्यांनी विचारलं. दत्तोबांनी मान डोलावली.

कारखान्याला निघताना ज्योतीराम दारातून मागे वळला. "काका, तेवढ्या एकाला चिंच लावू नका. अक्षरं आधीच पुसट आहेत."

"बरं," दत्तोबा म्हणाले.

पुढचे दोन दिवस तो तुकडा दुकानातल्या पत्र्याच्या डबीत होता. बाकीचे देव उजळून झाले. दत्तोबा डबी उघडत आणि मिटत. चिंचेचा कोळ समोरच्या वाटीत होता, राख कापडात होती. त्यांना काही वेगळं करायचंच नव्हतं. दरवर्षी जे करत आले तेच एकदा करायचं, जरा जोर लावून. अक्षरं गेली असती, टिल्लूंनी खांदे उडवले असते आणि कुणाला दत्तोबांकडे बोट दाखवता आलं नसतं. छबूबाईंनी उजळायला दिलं, सोनारानं उजळलं. एकदा तर त्यांनी अंगठा कोळात बुडवलाही. मग तो धोतराला पुसला. चांगुलपणा त्यात नव्हता. अक्षरं गेली तर आपल्यालाही ती कधी कळणार नाहीत, एवढंच त्यांच्या मनात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना पिंपरीला मिलिटरी डेअरीत जायचं होतं. तिथे जनावरांकडे असणाऱ्या सोपानराव नावाच्या गड्याच्या बायकोची जोडवी पोचवायची होती. सोपानराव गोठ्यामागे होते म्हणून दत्तोबा तिकडे वळले, आणि कुंपणापाशी थांबले.

पलीकडे एक वळू होता. काळापांढरा, बुटक्या पायांचा, मान भिंतीसारखी. माश्यांनी त्याला हैराण केलं होतं. त्यानं मान खाली घातली, पुढचा एक पाय उचलून माती मागे उडवली आणि शेपटीचा फटकारा पाठीवर मारला. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीची रेघ सलग होती.

"विलायती रक्त हाय," सोपानराव शेजारी येऊन म्हणाले. "दुधासाठी आणलेली जात. गावची माणसं बघाय येत्यात आन् हसत्यात. वशिंड न्हाई, म्हंत्यात, देव इसरला."

"त्यांच्याकडे सगळे असेच असतात?"

"सगळे. वशिंडाचा बैल त्यांनी बघितला तर त्ये हसतील."

दत्तोबांनी जोडवी दिली आणि ते चालत निघाले. या मुलखातला कारागीर वशिंड विसरणार नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. कारागीर या मुलखातला नव्हता. दुकानात सर्वांसमोर ते योग्य वाटेनं गेले होते आणि शेवटच्या पायरीवर मुद्दाम वळले होते. आता बैल कुठला हे त्यांना कळलं होतं आणि ज्योतीरामला कळलं नव्हतं. हे पहिल्यांदाच घडत होतं, निदान वर्षभरात. घरी जाऊन सांगावं असं एकदा वाटलं. ज्योतीराम काय म्हणाला असता तेही त्यांना ऐकू आलं. "वा काका." तो मनापासून म्हणाला असता, आणि मग सुट्टीच्या दिवशी तो बैल, ती डेअरी आणि ते नाणं सगळं खिशात घालून पुण्याला गेला असता.

दुसऱ्या दिवशी ज्योतीरामची पहिली पाळी होती. तो गेल्यावर दत्तोबांनी ठेवणीतला कोट घातला, डबी खिशात टाकली आणि पुण्याची पॅसेंजर धरली. अंबुबाईंना त्यांनी सांगितलं, तेजाब आणायचंय.

प्राध्यापक टिल्लू दत्तोबांच्याच वयाचे निघाले. घरात पुस्तकं जमिनीवरही होती. दत्तोबांनी आपली ओळख करून दिली ती चिंचवडच्या टांकसाळीचे पोतदार अशी. टिल्लूंना ती फार आवडली. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, चिंचवडी रुपयाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि दत्तोबांनी नीट उत्तरं दिली. कित्येक महिन्यांत इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं. मग डबी उघडली.

 भिंग डोळ्याला लावून टिल्लूंनी नाणं खिडकीशी नेलं.

"हा ऑगस्टस," ते म्हणाले. "रोमचा पहिला बादशहा. कडेनं त्याचं नाव आणि देवाचा पुत्र अशी पदवी आहे. थोडीच अक्षरं उरलीत, पण पुरेत. मागं बैलाखाली बघा. आय, एम, पी, म्हणजे 'विजयी सेनापती', आणि मग एक्स. लढाई जिंकली की त्यांची फौज सेनापतीला जयघोष करून ही पदवी देई. एक्स म्हणजे दहा. दहाव्यांदा मिळाली तेव्हाचं हे नाणं. त्यावरून साल बांधता येतं. दोन हजार वर्षं होत आली याला."

"टांकसाळ कुठली?" दत्तोबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी गाडीत घोळवून ठेवला होता. "मोगलांच्या रुपयावर टांकसाळीचं नाव घातलेलं असतं. इथे काही नाही."

"इथे लिहीत नसत. चालीवरून माणूस ओळखावा तसं ओळखायचं." टिल्लूंनी एक जाड पुस्तक उघडलं. पानभर नाण्यांचे फोटो होते. "ही दहाव्यांदावाली पदवी आणि हा बैल एकाच टांकसाळीत सापडतात. आणखी बघा, मानेचा काप असा टोकदार, कपाळावरच्या बटा अशा. लुग्दुनम. फ्रान्समध्ये, दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. आता लिआँ म्हणतात. तिथून हे निघालं, जहाजानं आपल्या किनाऱ्याला लागलं, नाणेघाट चढून जुन्नरच्या वाटेनं मोशीला आलं असावं. या राजाची नाणी दक्षिणेत सापडतात. आपल्या भागात बैलाचं मी तरी पाहिलेलं नाही."

"आणि बैल कशासाठी?"

"ते पक्कं कुणालाच ठाऊक नाही. कुणी ताकद म्हणतं, कुणी वृषभ रास म्हणतं."

"वशिंड नाही त्याला," दत्तोबा म्हणाले, आणि डेअरीतला वळू त्यांनी वर्णन करून सांगितला. मान, पाय, माती, शेपटी. टिल्लू ऐकता ऐकता हसू लागले. "पोतदार, हे कुठल्या पुस्तकात नाही. मी लेखात घालणार."

दत्तोबांनी चहाचा घोट घेतला. लेखात आपलं नाव कसं दिसेल हे त्यांना दिसू लागलं होतं.

"पण काय अवस्था केलीय हो," टिल्लू म्हणाले. त्यांनी भिंग आणि नाणं दत्तोबांच्या हातात दिलं. "नाक गेलंय, कान सपाट. हे बाजारात फिरून झालेलं नाही. रेघा बघा. सगळ्या एकाच वळणानं, डावीकडून वर. एकाच घराण्यातले हात वर्षानुवर्षं घासतायत. मुद्दाम घासायचं म्हटलं तरी माणूस मधूनमधून खाली बघेल की नाही? या गृहस्थानं एकदाही बघितलेलं नाही."

भिंगाखाली रेघा स्वच्छ दिसत होत्या. डावीकडून वर, आणि टोकाला किंचित आत वळलेल्या. दत्तोबांच्या उजव्या अंगठ्याचं पेर लहानपणी हातोडीखाली सापडून वाकडं झालं होतं. टोकाचं ते वळण वडिलांचं नव्हतं.

"तर मला दोन गोष्टी लागतील," टिल्लूंनी लेखणी उघडली. "कुणाच्या घरातलं, आणि पहिल्यांदा नजरेला कुणाच्या पडलं."

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याला दत्तोबा थांबले. "माझ्या" हा शब्द तोंडात तयार होता. त्यासाठीच ते कोट घालून आले होते. पण माझ्या म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, तुमच्याकडे कसं आलं. उजळायला आलं. कधीपासून येतंय. आणि हा माणूस अजून त्यांना टांकसाळीचे पोतदार समजत होता. अडाणी अंगठा आणि पारखी नजर ही दोन्ही एकाच माणसाची आहेत असं सांगायचं, की दोन्ही दुसऱ्या कुणाची तरी आहेत असं सांगायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

"माझा एक भाडेकरू आहे," ते म्हणाले. "ज्योतीराम घार्गे. पेनिसिलिनच्या कारखान्यात आहे. त्याला दिसलं."

"आणि हे घासणारा?"

"असेल कुणीतरी. मोशीचा सोनार."

संध्याकाळी ते परतले तेव्हा ज्योतीराम उंबऱ्यावर होता. अंबुबाईंनी डबी जागेवर नाही हे त्याला सांगून टाकलं होतं. दत्तोबांनी डबी त्याच्या हातात दिली आणि राजाचं नाव, गावाचं नाव, दहाव्यांदाची पदवी, सगळं सांगितलं. वळूचं तेवढं सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, "तुझं नाव लिहून घेतलंय त्यांनी."

 ज्योतीराम वाकून त्यांच्या पाया पडला. "माझी सुट्टी कधी येणार म्हणून तुम्ही स्वतः गेलात. आणि नाव माझं सांगितलंत. कुणी सांगतं का काका असं?"

दत्तोबा कोटाची बटणं काढत होते. त्यांना वाटलं, यानं निदान संशय तरी घ्यायला हवा होता.

घट बसण्याआधी नाणं मोशीला गेलं. छबूबाईंना ज्योतीरामनंच समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्याकडं बी महादेव हाय का?" नसावा असं तो म्हणाला. "मंग बैल कशापायी काढला," छबूबाई म्हणाल्या आणि नाणं महादेवापुढे ठेवून त्यांनी त्याला हळद वाहिली.

दिवाळीनंतर पुण्याच्या वर्तमानपत्रात लेख आला. यशवंतरावांनी तो बाकावर बसून मोठ्यानं वाचला. दुकानात चारपाच माणसं जमली होती. कारखान्यातील एक कामगार श्री. ज्योतीराम घार्गे यांच्या चाणाक्ष नजरेचं कौतुक पहिल्या परिच्छेदात होतं. वशिंड नसलेल्या बैलाची ओळख पिंपरीच्या डेअरीतल्या वळूवरून एका चिंचवडकर गृहस्थांनी पटवली, हे एका ओळीत होतं, नावाशिवाय. त्याखाली लिहिलं होतं की मोशीच्या कुणा अडाणी सोनारानं वर्षानुवर्षं डोळे मिटून घासल्यामुळे या दुर्मिळ नाण्याची अतोनात हानी झाली आहे.

यशवंतराव तिथे थांबले. चष्म्यावरून त्यांनी पाहिलं.

"मोशीला सोनार कधी होता हो, दत्तोबा?"

 मोशीला सोनार नव्हता. आल्हाटांचे देव कुठे उजळतात हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्योतीरामनं वर्तमानपत्र यशवंतरावांच्या हातातून घेतलं, घडी घातली आणि म्हणाला, "पेपरवाले काहीही छापतात. काकांनी सांगितलं नसतं तर यातलं काहीच छापून आलं नसतं."

त्याच्या आवाजात टोमणा असता तर दत्तोबांना बरं वाटलं असतं. त्यांनी नीट कान देऊन ऐकलं. टोमणा नव्हता.

सत्तावन साल उजाडलं. नवे पैसे आले, आणि आण्याचे किती हे विचारायला लोक दत्तोबांकडे येऊ लागले. जुनी नाणी मात्र सरळ मागच्या पडवीकडे जाऊ लागली. दिघीचा एक माणूस तर दुकानातून आत जाताना "जरा पाय आवरा" म्हणाला. चाकणच्या बाजाराला दत्तोबांनी जायचं सोडलं होतं, गुडघे दुखतात म्हणून. दर शनिवारी ज्योतीराम परतला की आधी त्यांच्यापुढे सगळं मांडे आणि विचारी, "काका, हे काय असेल?" त्याला ते काय आहे हे माहीत असे. दत्तोबांनाही माहीत असे. ते म्हणत, "भिंग कुठे ठेवलंय कुणास ठाऊक," आणि नथीला टांका मारत राहत.

नवरात्र आलं तशा छबूबाई आल्या. गाठोडं सोडलं, देव मोजून दिले. दत्तोबांनी मोजून घेतले. एक कमी होता.

"नंदी?" त्यांनी विचारलं.

छबूबाईंनी कमरेच्या चंचीतून एक वेगळी पुरचुंडी काढली, पण मूठ उघडली नाही. "ज्योतीराम कुटं हाय?"

"पाळीवर आहे. यायला वेळ आहे अजून."

"मंग मी बसते."

"द्या इकडे. नुसतं पाण्यातून काढतो. चिंच नाही लावत."

"नगं," छबूबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "तुमाला सवय हाय हाताची. त्यो बगून करंल."

त्या यशवंतरावांच्या शेजारी बाकावर बसल्या, मूठ मांडीवर ठेवून. दत्तोबांनी रिठे पाण्यात टाकले, राख काढली आणि जोगेश्वरी घासायला घेतली. नजर त्यांनी अंगठ्यावर ठेवली. वर पाहिलं असतं तर ती मूठ दिसली असती.

पाळी सुटली. काही वेळानं ज्योतीरामची सायकल दाराला टेकली. छबूबाई उठल्या आणि त्यांनी मूठ उघडली. त्यानं आधी हात धोतराला पुसले, मग ते घेतलं आणि दारात उभा राहून उजेडाकडे वळवलं. "काका, या ना, बघा," तो म्हणाला. "बैलाखालचा एम आज चांगला दिसतोय."

"माझे हात राखेचे आहेत," दत्तोबा म्हणाले. बसल्या जागेवरून त्यांना ज्योतीरामच्या हाताची फक्त पाठ दिसत होती.